टॅग सांगतो ते आणि टॅग सांगत नाही ते

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतून रसायनांचा कंटेनर घेऊन एखादा ट्रेलर निर्यातीसाठी निघतो. त्याच्यावर तीन बारीक वस्तू चिकटवलेल्या किंवा ठोकलेल्या असतात आणि त्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. चालकाच्या समोरच्या काचेवर फास्टॅग असतो. कंटेनरच्या दाराला लावलेल्या जाड बोल्टच्या सीलमध्ये दुसरी चकती बसवलेली असते. तिसरा टॅग कंटेनरच्या पत्र्यावर असतो आणि तो त्या डब्याचा बंदर ते कारखाना, कारखाना ते बंदर हा प्रवास नोंदवत राहतो. कोलाड, नागोठणे, वडखळ, पेण, खारपाडा अशी वाट काढत हा ट्रेलर उरणच्या जवाहरलाल नेहरू बंदराकडे जातो. वाटेत कोणी त्याला थांबवून नंबर लिहून घेत नाही. तरी तो कोणत्या फाटकातून किती वाजता गेला, याची नोंद होत राहते.

या तिन्ही वस्तूंमागचे तंत्र एकच आहे. रेडिओ लहरींच्या मदतीने वस्तूची ओळख पटवणे, म्हणजेच ‘आरएफआयडी’. गेल्या दहा वर्षांत या तंत्राने मालाच्या वाहतुकीचा चेहरा बदलला. आता ते कारखान्याचे स्टोअर, रुग्णालयाचा वॉर्ड, रेल्वेची वाघीण आणि कामगाराच्या गळ्यातले ओळखपत्र असे सगळीकडे पसरू पाहत आहे. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत पोलाद, पेट्रोरसायने, औषधी रसायने आणि गणपतीच्या मूर्ती असे अगदी वेगळ्या स्वभावाचे उद्योग शेजारी शेजारी नांदतात. त्यामुळे हे तंत्र कुठे उपयोगी पडते आणि कुठे नुसता देखावा ठरतो, हे पाहायला याहून चांगली जागा मिळणे कठीण. प्रश्न फक्त माल हरवण्याचा नाही. रासायनिक पट्ट्यात हरवलेली वस्तू विषारीही असू शकते, आणि म्हणून हा आरोग्याचाही प्रश्न आहे.

बिनबॅटरीची चिठ्ठी बोलते कशी?

फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. नखाएवढ्याहूनही लहान चिप आणि तिला जोडलेला धातूचा पातळ, नागमोडी ॲन्टेना एवढेच त्यात असते. टोलनाक्यावरचा वाचक, म्हणजे रीडर, रेडिओ लहरी सोडतो. त्या लहरींतली थोडी ऊर्जा ॲन्टेना पकडतो आणि तेवढ्यावर चिप जागी होते. मग ती आपला क्रमांक सांगण्यासाठी वेगळ्या लहरी तयार करत नाही. आलेल्या लहरीच कमी-अधिक प्रमाणात परत फेकते. आरशाच्या तुकड्याने ऊन परावर्तित करून लांबच्या माणसाला खूण करावी, तसाच हा प्रकार. परत आलेल्या या उघडझापेतून रीडर क्रमांक वाचतो.

ही कल्पना जुनी आहे. परावर्तित ऊर्जेने संदेश पाठवण्याबद्दल हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ मध्येच निबंध लिहिला होता. दुसऱ्या महायुद्धात विमान आपले की शत्रूचे हे ओळखण्यासाठी रेडिओची जी यंत्रणा वापरली गेली, तीही याच कुळातली. मात्र चिप स्वस्त झाल्याखेरीज प्रत्येक खोक्यावर टॅग लावणे परवडणारे नव्हते. अमेरिकेतील वॉलमार्टने २००३ मध्ये आपल्या मोठ्या पुरवठादारांना खोक्यांवर असे टॅग लावायला सांगितले आणि जगभर या तंत्राला वेग आला. भारताने २००५ मध्ये ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा या कामासाठी परवान्यातून मोकळा केला. रीडरच्या प्रक्षेपकाची शक्ती जास्तीत जास्त एक वॉट असावी, असे बंधन त्याच वेळी घातले गेले.

बारकोड आणि आरएफआयडी यांतला फरक इथे लक्षात घ्यायला हवा. बारकोड किंवा क्यूआर कोड वाचायला तो समोर दिसावा लागतो आणि एका वेळी एकच वाचला जातो. रेडिओ टॅग कागदी किंवा प्लॅस्टिकच्या खोक्याआड असला तरी चालतो, काही मीटरवरून वाचता येतो आणि एकाच वेळी अनेक टॅग वाचले जातात. क्यूआर कोडची किंमत मात्र छपाईच्या शाईएवढी, आणि वाचायला साधा मोबाइल पुरतो. या तंत्राचा सगळा हिशेब या दोन वाक्यांतल्या फरकावर उभा आहे.

फाटकाबाहेरचे यश

महामार्गावर हा हिशेब जमला. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. सरकारने दिलेल्या आकडेवारीनुसार २०१८-१९ मध्ये टोलनाक्यावर वाहनाला सरासरी आठ मिनिटे थांबावे लागत होते. २०२०-२१ आणि २०२१-२२ मध्ये ही वेळ सरासरी ४७ सेकंदांवर आली. रांगेत इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या ट्रकचा धूर टोलवसुली करणारे कर्मचारी आणि नाक्यावरचे फेरीवाले यांच्या फुप्फुसात जातो. त्यामुळे वाचलेल्या या मिनिटांना डिझेलच्या बचतीपलीकडेही मोल आहे.

बंदराची गोष्टही अशीच. ‘लॉजिस्टिक्स डेटा बँक’ या योजनेखाली आयात-निर्यातीच्या कंटेनरवर टॅग लावण्याची सुरुवात जुलै २०१६ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदरातून, म्हणजे रायगड जिल्ह्यातूनच झाली. भारत सरकारच्या औद्योगिक कॉरिडॉर संस्थेने जपानच्या एनईसी कंपनीच्या भागीदारीत ही यंत्रणा उभी केली. टोलनाके, कंटेनर डेपो आणि बंदराची फाटके येथे टॅग वाचले जातात आणि मालाचा धनी कंटेनर-क्रमांक टाकून आपला डबा कुठे आहे ते पाहू शकतो. पूर्वी हीच माहिती मिळवायला एजंटला चार ठिकाणी फोन करावे लागत.

सीलची कथा याहून बोलकी आहे. जीएसटी लागू होण्यापूर्वी निर्यातीचा माल कारखान्यात कंटेनरमध्ये भरताना अबकारी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सील लावण्याची पद्धत होती. २०१७ मध्ये सीमाशुल्क विभागाने कारखानदाराला स्वतः सील लावण्याची मुभा दिली आणि त्या बदल्यात आरएफआयडी असलेले, एकदाच वापरता येणारे इलेक्ट्रॉनिक सील आणले. सीलचा क्रमांक, कंटेनरचा क्रमांक, गाडीचा क्रमांक आणि शिपिंग बिलाचा तपशील आधीच कळवायचा. बंदरावर रीडरने सील तपासले जाते आणि छेडछाड दिसली तर माल उघडून पाहिला जातो. अधिकाऱ्याची हजेरी गेली, पण विश्वासाची साखळी तुटली नाही. धाटाव किंवा महाडच्या लहान निर्यातदाराला याचा थेट फायदा झाला.

रेल्वेतही हेच घडत आहे. भारतीय रेल्वेच्या प्रत्येक वाघिणीवर अकरा आकडी क्रमांक असतो. पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार सांगतात, पुढचे दोन ती कोणत्या रेल्वेची ते, त्यापुढचे दोन बांधणीचे वर्ष, मग चार आकडी अनुक्रमांक, आणि शेवटचा एक आकडा आधीचे दहा बरोबर लिहिले गेले की नाही हे पडताळण्यासाठी. यार्डात माणसाने फिरून हे क्रमांक टिपायचे, ही अनेक दशकांची रीत. पावसात, अंधारात, चिखलाने माखलेल्या वाघिणीवर चुका व्हायच्याच, म्हणून तर पडताळणीचा अकरावा आकडा ठेवावा लागला. २०१८ पासून रेल्वेने वाघिणी, डबे आणि इंजिनांवर जागतिक मानकाचे टॅग बसवण्याचे काम हाती घेतले. रुळाच्या कडेचे रीडर धावत्या गाडीतली प्रत्येक वाघीण ओळखतात. रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते. पेणहून थळच्या खत कारखान्याकडे मालगाड्यांचा फाटा जातो. अशा ठिकाणी कोणती वाघीण कुठे अडकली हे कळणे म्हणजे खताची किंवा कोळशाची रेक वेळेवर पोहोचणे.

या सगळ्या यशाचे स्वरूप एकसारखे आहे. वस्तू मोठी आणि महाग. वाट ठरलेली. मधली फाटके मोजकी. आणि टॅग न वाचल्यास पैशाचे नुकसान कोणाचे, हे स्पष्ट. जिथे या चार अटी पुऱ्या होतात, तिथे तंत्र आपोआप रुजते.

फाटकाच्या आतली अडचण

आता तोच ट्रेलर उलट्या दिशेने कारखान्यात नेऊन पाहिला, तर चित्र बदलते. आत शेकडो ड्रम असतात. काही लोखंडी, काही प्लॅस्टिकचे. कच्चा माल, अर्धवट तयार माल, वापरलेले द्रावक, रिकामे ड्रम, कचऱ्याचे ड्रम. ते फोर्कलिफ्टने हलतात, एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जातात, पुन्हा भरले जातात. यातल्या प्रत्येकावर टॅग लावावा, असा विचार कोणाच्याही मनात येईल. पण इथे भौतिकशास्त्र आडवे येते.

८६६ मेगाहर्ट्झची लहर साधारण ३५ सेंटिमीटर लांबीची असते. धातूच्या पत्र्यावर साधा टॅग थेट चिकटवला तर त्याचा ॲन्टेना बिनसतो आणि टॅग मुका होतो. पाणी किंवा पाण्यासारखे द्रव ही लहर शोषून घेतात. म्हणजे लोखंडी ड्रमही वाईट आणि पातळ रसायनाने भरलेला प्लॅस्टिकचा ड्रमही वाईट. धातूवर चालणारे खास टॅग मिळतात. त्यांत ॲन्टेना आणि पत्रा यांच्यामध्ये अंतर ठेवलेले असते, पण ते साध्या टॅगच्या अनेक पट महाग पडतात. डोलवीच्या पोलाद कारखान्यात तर आणखी वेगळे संकट. तापलेल्या पोलादाच्या गुंडाळीवर कोणताही कागदी किंवा प्लॅस्टिकचा टॅग टिकणार नाही. ती थंड होईपर्यंत ओळख दुसऱ्या मार्गानेच ठेवावी लागते. त्यात कोकणचा पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो त्या भागात उघड्यावरचे टॅग, त्यांवरचा पाण्याचा थर आणि खाडीची खारी हवा यांचा विचार कागदी आराखड्यात क्वचितच असतो.

आणखी एक बाब सुरक्षिततेची. बिनबॅटरीचा टॅग स्वतः निरुपद्रवी असला तरी त्याला वाचणारा रीडर हे विजेवर चालणारे यंत्र आहे. मिथेनॉल, टोल्युइन यांसारख्या ज्वालाग्राही द्रावकांची वाफ जिथे असू शकते, तिथे ठिणगी-प्रतिबंधक आणि त्यासाठी प्रमाणित केलेलीच उपकरणे न्यावी लागतात. गोडाऊनसाठी आणलेला साधा हातातला रीडर घेऊन कोणी थेट टाकीखाली गेले, तर सुरक्षिततेसाठी आणलेली वस्तूच धोक्याची ठरेल.

म्हणूनच अनेक ठिकाणी सरकारनेही साधा मार्ग निवडलेला दिसतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी रुग्णालयांच्या कचऱ्याच्या पिशव्यांना बारकोड सक्तीचा केला. १ ऑगस्ट २०२३ पासून औषधांच्या ३०० प्रमुख ब्रँडच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड आवश्यक झाला. घरगुती गॅस सिलिंडरवर क्यूआर कोड लावण्याची घोषणा नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली. जनावरांच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडी क्रमांक असतो आणि तोही वाचायला रेडिओ लागत नाही. ही निवड मागासलेपणाची नाही. लाखो-कोट्यवधी वस्तू, हजारो हाताळणारे आणि खर्चाला मर्यादा असेल तेव्हा मोबाइलने वाचता येणारी छापील खूण हेच शहाणपण.

पेणच्या मूर्तिकारांच्या शेडमध्ये हे अधिक सोपे होऊन दिसते. हमरापूर, जोहे आणि पेण शहरात गणेशोत्सवापूर्वी शेडमध्ये मूर्तींच्या रांगा लागतात. कोणती मूर्ती कोणत्या गिऱ्हाइकाची, हे नाव लिहिलेली चिठ्ठी सांगते. वस्तू डोळ्यांसमोर आहे, ती ओळखणारा कारागीर तिथेच आहे आणि चूक झाली तर लगेच दुरुस्त होते. इथे रेडिओ टॅगने काही साधणार नाही. परदेशी जाणाऱ्या मूर्तींच्या बंद खोक्यांवर तो कदाचित उपयोगी पडेल. कारण तेव्हा वस्तू दिसत नाही आणि ओळखणारा माणूस जवळ नसतो. तंत्र वापरावे की नाही, याची ही सोपी कसोटी आहे: वस्तू दिसेनाशी होते का, आणि तिला ओळखणारा माणूस तिच्यापासून दूर जातो का?

विसरलेली वस्तू

रासायनिक ड्रम या कसोटीवर उतरतो. तो दिसेनासा होतो, आणि त्यात काय आहे हे ठाऊक असलेला कामगार पाळी संपवून घरी जातो, नोकरी सोडतो किंवा निवृत्त होतो. विसरलेल्या वस्तूने किती मोठे नुकसान होते, याची दोन उदाहरणे एकाच वर्षात देशाने पाहिली.

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात काही जणांना किरणोत्साराची बाधा झाली आणि त्यातल्या एकाचा मृत्यू झाला. मूळ वस्तू होती दिल्ली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतले कोबाल्ट-६० असलेले यंत्र. १९८५ पासून ते वापरात नव्हते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते भंगार म्हणून लिलावात गेले. विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला आत काय आहे याची कल्पना नव्हती.

त्याच वर्षी १४ जुलैला मुंबईत शिवडीजवळच्या हाजी बंदर भागात क्लोरीन वायूची गळती झाली आणि शंभराहून अधिक लोकांना श्वसनाचा त्रास झाला. गळका सिलिंडर १४१ सिलिंडरांच्या साठ्यातला होता. हा साठा १९९७ पासून बंदराच्या आवारात पडून होता.

या दोन घटनांतला फरक महत्त्वाचा आहे. मायापुरीत माहितीच हरवली होती. यंत्रावर न पुसणारी, वाचता येणारी खूण आणि तिला जोडलेली नोंद असती, तर लिलावाच्या टेबलावर कोणीतरी थबकले असते. शिवडीत मात्र सिलिंडर कुठे आहेत हे कागदावर होते, डोळ्यांनाही दिसत होते. तेरा वर्षे ते तिथेच होते. हरवली होती ती जबाबदारी. प्रत्येक सिलिंडरवर उत्तमातला उत्तम टॅग असता, तर संगणकाने तेरा वर्षे रोज इमानेइतबारे सांगितले असते, की १४१ सिलिंडर जागेवर आहेत.

टॅग काय सांगतो याची मर्यादा इथे उघड होते. ‘अमुक क्रमांकाची चकती अमुक वेळी अमुक रीडरजवळ होती’ एवढेच टॅग सांगतो. चकती ज्यावर आहे ती वस्तू तीच आहे, आत लेबलवर लिहिलेले रसायनच आहे, सिलिंडरची चाचणी मुदतीत झाली आहे, यातले काहीही तो स्वतःहून सांगत नाही. फास्टॅगच्या बाबतीतही हे दिसले. काचेवर न चिकटवता हातात धरून दाखवले जाणारे सुटे टॅग काळ्या यादीत टाकण्याचा निर्णय महामार्ग प्राधिकरणाला जुलै २०२५ मध्ये घ्यावा लागला. टॅग आणि वस्तू यांची फारकत झाली की यंत्रणा बिनचूक वाचते, पण चुकीचे वाचते.

आत कोण आहे?

हा सगळा विचार रायगडसाठी पुस्तकी नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधी रसायनांच्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली. वायुगळतीनंतर स्फोट झाला आणि मग रसायनांचे ड्रम फुटत गेले, असे त्या वेळी सांगण्यात आले. बेपत्ता कामगारांचा शोध राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला घ्यावा लागला आणि ११ कामगारांचा जीव गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये धाटावच्या एका कारखान्यात साठवण टाकीवर वेल्डिंगचे काम सुरू असताना स्फोट होऊन तीन कामगार मृत्युमुखी पडले.

टॅग असते तर हे अपघात टळले असते, असे म्हणणे चुकीचे ठरेल. ज्वालाग्राही द्रवाच्या टाकीवर वेल्डिंग करण्यापूर्वी टाकी रिकामी करणे, वायू तपासणे आणि लेखी परवाना देणे ही कामे माणसांची आहेत. परंतु अपघात झाल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात अग्निशमन दलाला दोनच गोष्टी हव्या असतात. आत किती माणसे आहेत आणि ती कुठे असण्याची शक्यता आहे? आणि जळत्या शेडमध्ये कोणते रसायन किती आहे? पाणी मारायचे की फेस, वाऱ्याच्या कोणत्या बाजूला थांबायचे, गावातल्या लोकांना घरात थांबायला सांगायचे की बाहेर काढायचे, हे या उत्तरांवर ठरते. दवाखान्यातल्या डॉक्टरलाही रुग्ण कोणत्या वायूने गुदमरला आहे हे कळले तर उपचार नेमके करता येतात. १९८४ मध्ये भोपाळच्या डॉक्टरांना हीच माहिती वेळेवर मिळाली नव्हती.

आरएफआयडीचा खरा उपयोग इथे होऊ शकतो. कंत्राटी कामगारांसह प्रत्येकाच्या ओळखपत्रात टॅग असेल, आणि मुख्य फाटकाखेरीज प्रत्येक शेडच्या दाराशी व जमण्याच्या ठिकाणी रीडर असेल, तर सायरननंतर काही मिनिटांत कोण बाहेर आले आणि कोण नाही याची यादी मिळते. ड्रमच्या बाबतीत प्रत्येक नगाला टॅग परवडत नसेल, तर ड्रम ठेवलेल्या प्रत्येक लाकडी फळीला एक टॅग आणि प्रत्येक ड्रमला क्यूआर कोड, हा मधला मार्ग निघतो. मात्र ही यादी कारखान्यातल्याच संगणकावर असेल आणि तो संगणक जळत्या इमारतीत असेल, तर तिचा उपयोग शून्य. ती बाहेर, अग्निशमन केंद्राला दिसेल अशी हवी.

दुसरी बाजूही तितकीच खरी. जे ओळखपत्र संकटात कामगाराला शोधते, तेच एरवी तो चहाला किती वेळ गेला, स्वच्छतागृहात किती वेळ होता, युनियनच्या बैठकीला कोणाबरोबर उभा होता, हेही नोंदवू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने नोकरीच्या कारणासाठी मालकाला कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय हाताळण्यास वाव ठेवला आहे. कंत्राटी कामगार नकार देण्याच्या स्थितीत नसतोच. कामगाराला एकदा वाटले की हे पत्र आपल्यावर पाळत ठेवते, तर तो ते खुंटीला टांगून आत जाईल किंवा सोबत्याकडे देईल. मग संकटाच्या क्षणी यादी खोटी निघेल. म्हणजे खासगीपणा जपणे ही कामगारावरची मेहेरबानी ठरत नाही. यंत्रणा खरी राहण्याची ती अट आहे. जागेची नोंद फक्त आणीबाणीसाठी, ठरावीक तासांनी पुसली जाणारी आणि पगार-शिस्तीच्या कारवाईत न वापरली जाणारी, असा लेखी करार याला उत्तर ठरू शकतो.

या लहरी आरोग्याला घातक आहेत का?

टॅगविषयी लोकांच्या मनात पहिली शंका असते ती किरणांची. या लहरी मोबाइलच्या लहरींच्या शेजारच्याच पट्ट्यातल्या आहेत. क्ष-किरणांप्रमाणे पेशीतले रेणू तोडण्याएवढी ऊर्जा त्यांच्यात नसते. बिनबॅटरीचा टॅग तर रीडर जवळ नसताना काहीच प्रक्षेपित करत नाही. काचेवरच्या फास्टॅगमुळे चालकाला अपाय होतो, असे मानायला आधार नाही.

रुग्णालयातला धोका वेगळा आहे. तो शरीराला नसून उपकरणांना आहे. ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी २००८ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अतिदक्षता विभागातली ४१ उपकरणे रुग्ण जोडलेला नसताना तपासली. आरएफआयडीचे रीडर जवळ आणून केलेल्या १२३ चाचण्यांत ३४ वेळा उपकरणांच्या कामात अडथळा आला आणि त्यातले २२ प्रसंग धोकादायक गटात मोडले. सलाइनचे पंप थांबणे, कृत्रिम श्वासयंत्र बंद पडणे असे हे प्रकार होते. ज्या अंतरावर अडथळा आला ते अंतर मध्यमानाने ३० सेंटिमीटर होते. उपकरणे त्यानंतर सुधारली असली, तरी धडा कायम आहे. व्हेंटिलेटर कुठल्या वॉर्डात आहे हे शोधण्यासाठी टॅग जरूर लावावा, पण त्याआधी तोच रीडर त्या व्हेंटिलेटरजवळ चालवून पाहावा. पेण किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयासाठी अशी यंत्रणा कधी खरेदी झाली, तर निविदेत ही चाचणी लिहिलेली असणे आवश्यक आहे.

विचारायचे प्रश्न

तंत्र विकणारे नेहमी ‘किती टॅग, किती रीडर’ या भाषेत बोलतात. नागरिकांनी, ग्रामपंचायतींनी आणि कामगार संघटनांनी वेगळे प्रश्न विचारायला हवेत. वस्तू ठरलेल्या जागी ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त दिवस राहिली, तर कोणाच्या मोबाइलवर सूचना जाते? तिच्यावर कारवाई केली नाही तर पुढे कोणाला कळते? घातक कचऱ्याचा ड्रम कारखान्यातून निघाला पण तळोज्याच्या प्रक्रिया केंद्रात पोहोचला नाही, तर किती तासांत ते उघड होते? सध्या या कचऱ्याबरोबर सात प्रतींचे, सात रंगांचे पत्रक जाते. त्या प्रती जुळवून पाहण्याचे काम टॅग वेगाने करू शकतो. मात्र तफावत दिसल्यावर गाडी शोधायला निघणारा अधिकारी त्या टॅगमध्ये नसतो.

कायद्याचा आधार जुनाच आहे. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्याने कामगारांना, स्थानिक प्राधिकरणाला आणि आसपासच्या लोकांना धोक्यांची माहिती दिली पाहिजे, असे बंधन आले. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही हे तत्त्व आहे. तेव्हा ही माहिती म्हणजे वर्षातून एकदा भरायचा कागद असे. आज ती जवळपास क्षणाक्षणाला मिळू शकते. साठ्याची बदलती यादी अग्निशमन केंद्र, तहसील कार्यालय आणि उपजिल्हा रुग्णालय यांना दिसत राहील अशी सोय करण्यात तांत्रिक अडचण उरलेली नाही.

आज धाटावहून निघालेला कंटेनर खारपाड्याला कधी पोहोचला, हे परदेशातल्या खरेदीदाराला घरबसल्या कळते, कारण त्यात त्याचे पैसे गुंतलेले आहेत. त्याच कारखान्याच्या भिंतीलगत राहणाऱ्या कुटुंबाचा जीव तिथे गुंतलेला आहे. खरेदीदाराला मिळते तेवढी तरी माहिती त्या कुटुंबाच्या वतीने अग्निशमन दलाच्या हातात असावी, ही मागणी फार मोठी नाही. त्यासाठी लागणारा टॅग उपलब्ध आहे. त्याने सांगितलेले ऐकून धावत जाणारा माणूस कोण, हे अजून ठरायचे आहे.